मागे घेतलेला नवस

रविवारी पहाटे सोजराबाईंनी देव पुसले, तुळशीला पाणी घातलं, नाथांच्या नावाने निरांजन लावलं आणि मग भिंतीला पाठ टेकून उजवा पाय पुढे केला. तनुजा कालच चाकणहून माहेरी आली होती. ती खाली बसून आईच्या टाचेवरची पट्टी सोडवू लागली. जखम होती तशीच होती. कडा पांढऱ्या, मधे ओल. साखरेचा आजार असलेल्याची जखम अशीच असते, रुसलेल्या माणसासारखी. कितीही समजूत काढा, जवळ येत नाही.

"दुखतंय का?"

"न्हाई."

"दुखायला पाहिजे, आई. डॉक्टर म्हणाले, दुखत नाही हेच वाईट आहे."

"मग उगं दुखतंय म्हनू का?"

तनुजा हसली नाही. डॉक्टरांनी आणखीही सांगितलं होतं, ते तिने आणि थोरल्या भावाने, नवनाथने, आईपासून लपवलं होतं. पायात चप्पल आली नाही तर बोटं जातील, मग पाऊल जाईल. पण सोजराबाईंना ते कळलं नव्हतं असं कसं म्हणावं? घरातली माणसं दाराआड कुजबुजायला लागली की आजारी माणसाला सगळं ऐकू येतं.

त्या चप्पल घालत नव्हत्या, कारण नवस होता.

लष्करातला धाकटा मुलगा रविराज रग्बी खेळायला गेला आणि मनिलाहून गळ्यात पट्टा घालून आला, त्या वर्षाची गोष्ट. स्क्रम म्हणतात तो प्रकार, दोन्हीकडची आठ-आठ माणसं खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना रेटतात, तो मधेच कोसळला आणि सगळा ढीग ह्याच्या मानेवर आला. लष्कराच्या दवाखान्यात त्याला पाहून आल्यावर सोजराबाई घरी न येता थेट दिघीच्या भैरवनाथासमोर जाऊन उभ्या राहिल्या. सोबत थोरली जाऊ सुभद्राबाई होत्या. "नाथा, ह्याचा ह्यो खेळ सुटू दे. सुटस्तवर मी पायात वहाण घालनार न्हाई." आणि देवळाच्या दारातल्या चपला तिथेच ठेवून त्या डांबरावरून चालत घरी आल्या.

मान बरी झाली. खेळ सुटला नाही. उलट रविराजची खरी वर्षं त्यानंतरच आली. ताश्कंद, कोलंबो, तैपेई. भारताची निळी जर्सी, छातीवर तिरंगा. गावात कमानीवर त्याचे फ्लेक्स लागले. तो जिंकून आला की सोजराबाई देवापुढे साखर ठेवायच्या, आणि त्याच अनवाणी पायांनी शेजारीपाजारी पेढे वाटायला निघायच्या. वैशाखात डांबर मऊ व्हायचं. बायका विचारायच्या, "अजून खेळतोय व्हय गं?" त्या म्हणायच्या, "खेळतोय की." ह्या 'खेळतोय की'मध्ये अभिमान किती आणि चटका किती, ते त्या नाथालाच ठाऊक.

आता दोन वर्षं झाली, रविराजला कोणी बोलावलं नव्हतं. लष्करातून पेन्शन घेऊन तो चाकणच्या एका कंपनीत डिस्पॅचला लागला होता. नवनाथने आईची टाच पाहिली आणि ठरवून टाकलं. खेळ सुटला, नवस फेडायचा. रविवार नाथांचा वार. सोपानराव गुरवांना सांगून झालं, सुभद्राबाईंना निरोप गेला, भोसरीहून साखरेच्या पेशंटसाठी मिळतात तसल्या मऊ चपला आल्या.

एक गोष्ट मात्र बाकी होती. ह्यांच्या भावकीत रीत अशी, की ज्याच्या नावाने नवस बोलला त्यानेच नाथासमोर उभं राहून आपल्या तोंडाने सांगायचं, मागितलं ते झालं. त्याशिवाय गुरव नारळ फोडत नाही. आणि नाथासमोर खोटं बोलत नाहीत. सोजराबाईंच्या नवऱ्याच्या, मारुतरावांच्या, चुलत्याने एकदा बोलून पाहिलं होतं. त्याची विहीर त्या उन्हाळ्यात आटली ती आटलीच. आता तिथे सात मजली सोसायटी आहे, तिलाही टँकरच लागतो, असं तनुजा म्हणते.

रविराजला सगळ्यांनी वार सांगितला, वेळ सांगितली. 'खेळ सुटला ना रे?' असं मात्र कोणी विचारलं नाही.

* * *

"वहिनी, पुरण लागतंय खाली. लक्ष कुठाय?"

रविराजच्या बायकोने, वर्षालीने, चटकन उलथनं फिरवलं. तिचं लक्ष वरच्या खोलीत होतं. तिथे कपाटामागे रविराजची बॅग होती. बुटांना तेल लावलेलं, दातांत धरायचं रबर डबीत, खांद्याला गुंडाळायची पट्टी. दोन वर्षं ती बॅग भरलेली होती. वर्षाली महिन्यातून एकदा तिच्यावरची धूळ पुसायची आणि होती तशीच ठेवायची.

शुक्रवारी तो आंघोळीला गेला असताना त्याचा फोन वाजला. शिफ्टचा निरोप असेल म्हणून तिने पाहिलं. ज्योतीराम सरांचा होता. लष्करात त्याला खेळ शिकवलेले, आता भारताच्या संघाबरोबर असतात. 'कोलकात्याच्या कॅम्पमध्ये एक प्रॉप जायबंदी झालाय. अनुभवी माणूस हवाय. फिट असशील तर बुधवारपर्यंत कळव.' प्रॉप म्हणजे स्क्रममधली पहिल्या रांगेतली, रविराजचीच जागा. तो बाहेर आला, निरोप वाचला, टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून खिडकीपाशी उभा राहिला. बराच वेळ. नंतर चहा मागितला. त्याबद्दल अवाक्षर नाही.

"तनुजा, एक विचारू?"

"विचार की."

"आज हे जे बोलणार आहेत नाथापुढे, ते मनात नसताना बोलले तर?"

तनुजाने पोळीला पीठ लावता लावता तिच्याकडे पाहिलं. "तू तर दादाच्या बाजूची होतीस. मागच्याच आठवड्यात म्हणालीस, एकदाचं संपू दे."

"म्हणाले होते."

"मग?"

"संपू दे म्हणाले होते. दाबून टाकू दे नव्हते म्हणाले." वर्षालीचा आवाज मुळातच बारीक; तो आणखी उतरला. "तो माणूस ड्यूटीवरून येतो, जेवतो, टीव्हीसमोर बसतो. आणि टीव्ही बंद असतो गं. मी घरात एकटी नसते आणि तरी एकटी असते. उद्या म्हणतील, आईसाठी सोडलं. मग जन्मभर त्यांच्या तोंडाकडे बघून आईंनी जेवायचं का? मी जेवायचं का?"

"झालंय काय, सांगशील का?"

तेवढ्यात सुभद्राबाई काठी टेकत स्वयंपाकघरात आल्या. "पोरींनो, नैवेद्याला तोंडातला वारा लागतो. बोलायचं त्ये मागनं बोला."

वर्षालीने गॅस बारीक केला.

* * *

गच्चीत नवनाथ पाण्याच्या टाकीला टेकून उभा होता. पांढरा शर्ट, कपाळाला अष्टगंध. त्याचा टेम्पो खाली धुऊन उभा होता. आठवडाभर तो चाकणच्या कारखान्यांना सुटे भाग पोचवतो. आज त्याच टेम्पोत नैवेद्याची ताटं जायची होती.

रविराज कठड्यापाशी होता. तिथून लष्कराच्या हद्दीची भिंत दिसते, भिंतीपलीकडे मैदानाचा एक हिरवा तुकडा.

"चल. गुरव खोळंबलेत."

"येतो."

"एकच वाक्य हाय, रवी. मागितलं ते झालं, खेळ सुटला. एवढं म्हनायचं आन् मोकळं व्हायचं."

"सुटला असं मला कोणी सांगितलं नाही, दादा."

नवनाथने खालचा ओठ चावला. "दोन वर्सं फोन न्हाई आला. आता काय दवंडी पिटायची का?"

"दवंडी नको. पण कंपनीतनं काढलं तरी हातात चिठ्ठी देतात. मी शेवटची मॅच खेळलो तेव्हा ती शेवटची आहे हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर..."

"तर काय?"

रविराजने त्या हिरव्या तुकड्याकडे पाहिलं. माहीत असतं तर शेवटची शिट्टी झाल्यावर लगेच उठला नसता. गवतात तोंड खुपसून थोडा वेळ पडून राहिला असता. लोकांना वाटतं, खेळाडूला टाळ्या आठवत असतील. त्यांच्या खेळाला टाळ्या कुठल्या? कधी कधी तर बाकावरच्या बदली खेळाडूंपेक्षा प्रेक्षक कमी. त्याला आठवायची ती स्क्रम लागण्याआधीची घडी. आठ जण वाकलेले, एकमेकांच्या जर्सीला हात घट्ट धरलेले, सगळ्यांचा श्वास एका वेळी आत जातो आणि पंच अजून बोललेला नसतो. त्या घडीत आपण एकटे नसतो. नंतर आयुष्यात कुठेच त्याला तसं वाटलं नाही. लग्नाच्या मांडवातही नाही, आणि हे वर्षालीला कधी सांगणं शक्य नव्हतं.

"तू जिंकलास का पेढे आमी खाल्ले," नवनाथ म्हणाला. "चटके तिनं खाल्ले. पाय कोन धुवायचं? मी. काटा कोन काढायचं? मी. तू विमानात."

"माहीत आहे, दादा. राष्ट्रगीत सुरू झालं की मला झेंडा नाही दिसायचा, तिच्या टाचा दिसायच्या."

नवनाथला हे अपेक्षित नव्हतं. तो कठड्यापाशी आला. भिंतीपलीकडच्या हिरव्या तुकड्याकडे त्यानेही पाहिलं.

"तळेगाव चौकात अडकलो व्हतो," तो म्हणाला. "तुझी कोलंबोची मॅच. मोबाइलवर दिसायची, अडकायची, पुन्यांदा दिसायची. मागनं समदे हॉर्न मारत व्हते. मी गाडी पुढं घेतलीच न्हाई. एक ट्रकवाला खाली उतरून शिव्या द्यायला आला, तर त्याला म्हनलं, थांब जरा, माझा भाऊ हाय त्यो, तिसऱ्यांदा पडलाय त्यो."

दोघेही हसले. मग नवनाथ पुन्हा थोरला भाऊ झाला. "पर तिचं पाऊल गेलं तर मी तुला माफ करनार न्हाई. सांगून ठेवतो."

"मी बोलतो नाथापुढं," रविराज म्हणाला. "चल."

* * *

देवळात गर्दी नव्हती. सोपानराव गुरवांनी मूर्तीला लोणी-शेंदूर लावून चांदीचे डोळे बसवले होते. नैवेद्य दाखवून झाला होता. मारुतराव खांबाला टेकून बसले होते, टोपी मांडीवर. ते पंचवीसेक वर्षं पिंपरीच्या कारखान्यात यंत्राशेजारी उभे राहिले. त्यांना कमी ऐकू येतं आणि त्याहून कमी बोलायची सवय आहे. सोजराबाईंच्या समोर नव्या चपला ठेवलेल्या, वर कुंकू वाहिलेलं.

"ये रविराज," सोपानराव म्हणाले. "आईनं काय मागितलं व्हतं ते थोरल्या बाईंनी सांगावं, आन् झालं का ते तू सांगावं."

सुभद्राबाईंनी जसाच्या तसा नवस म्हणून दाखवला. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

रविराज हात जोडून पुढे झाला. सोजराबाई त्याच्याकडे बघत होत्या. त्यांच्या मनात आलं, ह्याचे कान किती वेडेवाकडे झालेत. रेटारेटीत घासून घासून सुजलेले आणि मग तसेच घट्ट झालेले. ह्याच्या लग्नात कानपिळीला वर्षालीचा भाऊ कान धरायला गेला आणि म्हणाला, "पिळू कुठं, इथं तर सगळा दगडच." सारा मांडव हसला होता. त्या रात्री मात्र त्यांनी एकटीने रडून घेतलं होतं.

"नाथा," रविराज म्हणाला. वाकून उंबऱ्याला हात लावला. पुन्हा म्हणाला, "नाथा, आईनं जे मागितलं..."

"अहो, थांबा."

सगळ्यांनी वळून पाहिलं. वर्षाली सासरच्या देवळात आजवर मोठ्याने कधी बोलली नव्हती. आताही मोठ्याने नव्हतीच बोलली. पण देवळात हळू बोललेलंही चारी भिंतींना कळतं.

"ह्यांना बोलावणं आलंय. शुक्रवारी. कोलकात्याला, भारताच्या कॅम्पला. बुधवारपर्यंत कळवायचंय." तिने पदर सावरला. "देवासमोर खोटं होऊ नये म्हणून बोलले. माझं चुकलं असेल तर मला बोला."

नवनाथचा चेहरा लाल झाला. "तुला आईचा पाय दिसत न्हाई का? तू आमच्या बाजूनं व्हतीस ना?"

"अजून आहे, भावजी."

"ही कुठली बाजू?"

"दादा, तिला कशाला बोलतोस?" तनुजा मधे आली. "लपवलं त्याने."

"आता काय करायचं?" सुभद्राबाईंनी काठी आपटली. "निवद दाखवलाय. नाथानं घास घेतलाय. अर्ध्यावर सोडत्यात का?"

सोजराबाई मात्र अजून रविराजकडेच बघत होत्या. 'कोलकाता' हा शब्द वर्षालीच्या तोंडून निघाला, त्या क्षणी त्यांना रविराजचा चेहरा दिसला होता. तो लगेच खाली झाला. पण त्याआधी, पापणी लवते तेवढ्यात, त्यावर काहीतरी उजळून गेलं होतं. दोन वर्षं घरात वावरणाऱ्या ह्या माणसाच्या चेहऱ्यावर ते नव्हतं. ते कुठे गेलं होतं, त्यांना कळत नव्हतं. आज कळलं की तेच जावं म्हणून आपण रोज सकाळी फुलं वाहत होतो.

"सोपानराव," त्या म्हणाल्या, "मागनं मागं घेता येतं का?"

गुरवांच्या हातातला नारळ तसाच राहिला. "म्हंजी?"

"मी नाथाकडं एक मागितलं. आता मला त्ये नकु. द्यू नकोस म्हनायचंय. असं म्हनता येतं का?"

"मला तर कुनी इचारलं न्हाई आजवर." सोपानराव डोकं खाजवत राहिले. "वडील म्हनायचे, मागनं परत घ्यायचं तर नारळ फोडायचा न्हाई. आख्खा इंद्रायणीत सोडायचा. आन् पुन्यांदा त्ये मागनं त्या देवाकडं जन्मात मागायचं न्हाई."

"असलं काय करू नकोस, सोजरे," सुभद्राबाई घाबरून म्हणाल्या. "इतक्या वर्सांचं पुन्य हाय तुझं."

"पुन्य कसलं, आक्का? मी काय चांगलं मागत व्हते व्हय? भ्यालेली व्हते, म्हनून मागितलं. त्या टायमाला ठीक व्हतं. भ्या इतकी वर्सं उशाला घिऊन निजू न्हाई."

"आई, असं नको," रविराज म्हणाला. "मी बोलतो ना. मी सोडतोय म्हणतो ना."

"तू गप. तुझ्यासाठी न्हाई करत. माझ्या देवाशी मला नीट बोलायचंय."

मारुतराव उठले. टोपी डोक्यावर ठेवली. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले, कारण ते उठले म्हणजे काहीतरी ठरलं असा घरात समज होता.

"नवनाथ," ते म्हणाले, "टेम्पो काढ. आळंदीला जायचंय."

सोजराबाईंनी गाभाऱ्याच्या उंबऱ्याला कपाळ टेकलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग उठून त्यांनी आधी डावा पाय चपलेत घातला, मग उजवा. पाऊल आत जाताना थोडं बिचकलं, नव्या घरी पहिल्यांदा उंबरा ओलांडणाऱ्या मुलीसारखं. वर्षालीने वाकून मागचा पट्टा बसवला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

* * *

आळंदीच्या घाटावर नवनाथने टेम्पो वरच लावला. बाकीचे पायऱ्यांवर थांबले. सोजराबाईंनी चपला काढून ठेवल्या. नदीपाशी त्या काढायच्याच असतात. रविराजने दंडाला धरून त्यांना पाण्यापर्यंत नेलं. नदीवर फेसाचे पांढरे पुंजके तरंगत होते. पलीकडे माउलींच्या देवळाचा कळस, आणि धोतर पिळत उभा असलेला वारकरी पाठशाळेतला एक विद्यार्थी.

त्यांनी नारळ पाण्यात सोडला. तो एकदा बुडाला, वर आला, फेसातून वाट काढत हळूहळू लांब गेला.

"झालं," त्या म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. "आता कर फोन. बुधवारपत्तोर कशाला थांबतोस?"

रविराजने खिशातून फोन काढला. ज्योतीराम सरांचा निरोप उघडला. बोट नंबरवर ठेवलं.

वाटेत आता कोणी नव्हतं. वर्षालीने दार उघडून ठेवलं होतं, दादाने टेम्पो काढून इथवर आणलं होतं, आईने तर देवालाच बाजूला व्हायला सांगितलं होतं. गेली दोन वर्षं त्याला वाटत होतं की कोणीतरी अडवून धरलंय. निवड करणारे, वय, आईच्या टाचा. शुक्रवारी निरोप वाचला तेव्हाही त्याने मनाशी जुळवून ठेवलं होतं, की आईसाठी सोडलं असं म्हणू. ते म्हणणं सोपं होतं. म्हणता म्हणता जगताही आलं असतं.

त्याने फोन खिशात ठेवला आणि आईशेजारी बसला.

"का रं?"

"डावीकडे मान वळत नाही, आई."

सोजराबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"शुक्रवारी संध्याकाळी मैदानावर गेलो होतो. पोरं सराव करत होती. म्हटलं, बघू. खांदा लावून वाकलो, समोरून थोडा जोर आला आणि हात बधिर. बोटं कुणाची आहेत कळेना. ती पोरं म्हणाली, सर, बसा. मी बसलो." तो पाण्याकडे बघत होता. "ह्या वर्षीचं नाही हे. शेवटच्या मॅचला पण असंच होतं. निवडणाऱ्यांना दिसलं असणार. मलाच दिसलं नाही. मीच बघितलं नाही."

"मग देवळात सांगायचं न्हाई व्हय?"

"देवळात मी तुझ्या नावावर घालणार होतो."

वरून सुभद्राबाईंचा आवाज आला. त्यांना एवढंच दिसत होतं की फोन खिशात गेला. "काय गं सोजरे, जातोय का ऱ्हातोय?"

इतकी वर्षं जे मागितलं ते शेजारी येऊन बसलं होतं, मागणं पाण्यात सोडल्यावर. ह्याला आता नाथ पावला म्हणायचं की नाही, हे सोजराबाईंना ठरवता येईना. आणि आनंद तर होईचना. परक्याचा दागिना कोणी हातात द्यावा, तो कुठे ठेवावा कळू नये, तसं झालं. त्यांच्या डोळ्यांना धार लागली. रविराजला वाटलं, पायरीचा दगड टाचेला लागला.

"पाय दुखतोय का?"

"न्हाई रं. तुझा खेळ गेला."

त्यानेही मग डोळ्यांवर मनगट दाबून धरलं. दोघं तशीच बसून राहिली, तेराव्याला आलेले पाहुणे उठून गेल्यावर घरची माणसं बसतात तशी.

थोड्या वेळाने सोजराबाईंनी पदराने नाक पुसलं.

"मी एकदाबी बघितला न्हाई तुझा खेळ. भ्या वाटायचं. नवनाथ मोबाइल म्होरं धरायचा, मी डोळे मिटायची." त्या जरा सरकल्या. "किती गोल केलंस रं तू?"

"गोल नाही. ट्राय म्हणतात त्याला. चेंडू घेऊन पळत जायचं आणि रेषेपलीकडे टेकवायचा."

"मग किती?"

"देशाकडून एकपण नाही."

"एकबी न्हाई?" त्यांना कोणीतरी फसवल्यासारखं झालं. "मग इतकी वर्सं तितं काय करत व्हतास?"

"मी पहिल्या रांगेत असायचो. खाली वाकायचं आणि समोरच्यांचा भार मानेवर घ्यायचा. आपण भार धरला की मागच्याला चेंडू मिळतो. तो पळतो."

"आन् नाव?"

"पळणाऱ्याचं."

सोजराबाई विचारात पडल्या. चूल, पाणी, शेण, पुढे सोसायटीतली कामं, असं सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं असावं. पण बोलल्या ते वेगळंच.

"आन् तरीबी गोड वाटायचं तुला?"

"लई, आई," रविराज म्हणाला. कित्येक वर्षांनी तो घरातली बोली बोलला. "लई गोड वाटायचं."

त्यांनी हात लांबवून त्याच्या मानेवर ठेवला, मागे, केसांच्या खाली, जिथे हाड पुढे आलेलं होतं. तो पट्टा लागल्यापासून त्यांनी तिथे कधी हात लावला नव्हता.

वर नवनाथने हॉर्न वाजवला. नैवेद्याची ताटं गार होत होती, सगळे उपाशी होते. सोजराबाईंनी मागे न बघताच दुसरा हात वर केला, थांब म्हणून.

"सांग मग," त्या म्हणाल्या. "पयल्यापासनं सांग. पडलास कुटं, उठलास कसा, समदं सांग. आता मी डोळे मिटनार न्हाई."

रविराजने घसा साफ केला.

"ताश्कंदला होतो," तो म्हणाला. "सकाळची वेळ. सगळ्या मैदानावर दहिवर पडलेलं. इतकं गार, की आम्ही अकरा-बारा जण नुसते एकमेकांना चिकटून उभे होतो..."